बद्रीनाथच्या फोटोतली कडेची माणसं

टेंभुर्णीत बद्रीनाथ फोटोवाल्याचं नाव निघालं की पन्नाशीपुढची माणसं बसल्या जागी ताठ होतात. या माणसानं गावाला आणि आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांना उभ्या आयुष्यात एकच उपदेश केला: हलू नका. कोणी ऐकला, कोणी नाही. ज्यांनी ऐकला नाही ते फोटोत पुसट झाले, अशी गावाची समजूत होती. बद्रीनाथचीही तीच होती. मी मुकुंद. टेंभुर्णीच्या शाळेत अकरा वर्षं विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त होऊन जालन्यात राहतो. माझीही समजूत तीच होती, आणि विज्ञानाच्या मास्तरानं हे कबूल करणं फारसं भूषणावह नाही.

बद्रीनाथ शेतकऱ्याच्या घरचा. धाकटा. थोरल्या भावांना नांगर आला, याला येईना. जालन्यात एका फोटो स्टुडिओत चार वर्षं पाणी भरून, पडदे झाडून तो फोटो काढायला शिकला. तो स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं पगाराच्या बदल्यात त्याला जुना लाकडी कॅमेरा दिला. तीन पायांचा, भात्याचा, मागं काळं कापड. त्याला लावलेलं पितळी भिंग विलायती होतं. त्याच्यावरची अक्षरं पुसून पुसून गेली होती, पण आत तीन काचा होत्या एवढं बद्रीनाथला ठाऊक होतं. १९८० साली त्यानं बसस्टँडसमोर दुकान टाकलं.

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. लग्नं बहुतेक गोरज मुहूर्ताची, म्हणजे ग्रुप फोटोच्या वेळेला उजेड आवरता घेत असायचा. मांडवात शाळेच्या खुर्च्या मांडल्या जायच्या. मधल्या खुर्च्यांवर नवरा-नवरी, दोघांचे बाप, मामा, सरपंच, सोसायटीचे चेअरमन. मागं उभे पुरुष. उरलेल्या बायका डाव्या कडेला आणि पोरं उजव्या कडेला, मावतील तशी. बद्रीनाथ काळ्या कापडात शिरायचा, मागच्या घासलेल्या काचेवर उलटं पडलेलं चित्र बघायचा आणि नवऱ्याच्या बाशिंगाचे मणी मोजता येईपर्यंत भाता पुढं-मागं करायचा. मग बाहेर येऊन फिल्म चढवायची, भिंगावरचं झाकण काढायचं, “एक... दोन...” म्हणायचं, झाकण परत लावायचं. एका लग्नाला ग्रुपची एकच फिल्म. खर्चच तेवढा होता.

फोटो धुऊन आला की मधली मंडळी लख्ख दिसायची. चेअरमनच्या खिशातल्या पेनाची क्लिपसुद्धा. कडेच्या बायका मात्र ओल्या कागदावर शाई पसरावी तशा. बद्रीनाथ फोटो देतानाच सांगायचा, “कडेच्या बाया हलल्या. मी काय करू?” घरची माणसं बायकांकडं बघायची. बायका एकमेकींकडं बघायच्या. आपणच हललो असणार, असं प्रत्येकीला वाटायचं, कारण एक-दोन म्हणेपर्यंत कोणीतरी पदर सारखा केलेला असायचाच.

यावर बद्रीनाथची एक थिअरी होती. सुरुवातीच्या चार वर्षांतले त्याचे फोटो कडेपर्यंत स्वच्छ होते. बिघाड झाला तो त्यानंतर. तो मला गंभीर तोंडानं सांगायचा, “सर, आधीच्या बाया खंबीर व्हत्या. चौऱ्याऐंशीपासून गावात टीव्ही आला अन् समद्या चुळबुळ्या झाल्या.” मी हसायचो, पण खोडून काढायचो नाही. उलट शिक्षकांच्या खोलीत एक-दोनदा मीच ती थिअरी विनोद म्हणून वापरली आहे.

आता उषाबाईंचं. उषाबाई म्हणजे रखमाजींची बायको. रखमाजी बद्रीनाथचा लंगोटीयार, म्हणून बद्रीनाथ त्यांना वहिनी म्हणतो. १९८६ च्या मे महिन्यात रखमाजींच्या धाकट्या भावाचं, भारतचं लग्न झालं. उषाबाई घरची थोरली सून, बाविशीची, म्हणजे दिवसभर राबून शेवटी फोटोत डाव्या कडेला सगळ्यांत टोकाशी. खांद्यावर चौदा महिन्यांची मुलगी, साधना. फोटो आला तेव्हा दोघी पुसट होत्या. सासूबाई, ज्यांना उषाबाई आत्याबाई म्हणत, सगळ्यांदेखत म्हणाल्या, “एक घडीभर पोरगी धरता आली न्हाई हिला.” बद्रीनाथनं मान डोलावली आणि स्वतःच तोडगा सुचवला. फ्रेम करताना कडेनं जाड कागदाची पट्टी लावतो, हललेली बाजू झाकून जाईल, फोटो कसा नीटनेटका दिसेल. तसं केलं गेलं. फोटो समोरच्या खोलीत टांगला गेला आणि त्यातून उषाबाई आणि साधना गेल्या.

त्याच पावसाळ्यात साधना जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत दगावली. जाफराबादला न्यायला जीप मिळेपर्यंत उशीर झाला. तिचा दुसरा फोटो नव्हता. सासूबाईंचं ते वाक्य घरात तसंच राहिलं. पोरगी धरता आली नाही. बोलणारीच्या मनात ते फोटोबद्दलच असेल, ऐकणारीला ते कसं लागलं असेल हे मी सांगायला नको.

मला हे फार उशिरा कळलं, बद्रीनाथच्या सुनेकडून. प्रियदर्शनी आता दुकान चालवते. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, पीक विम्याचे फॉर्म. तीन वर्षांपूर्वी उषाबाई दुकानात आल्या आणि दबक्या आवाजात विचारलं, भारतच्या लग्नाची निगेटिव्ह असेल का. बद्रीनाथकडं सगळ्या निगेटिव्ह आहेत, सालवार, पत्र्याच्या पेटीत. प्रियदर्शनीनं निगेटिव्ह काढली, मोबाइलवर घेतली, डावी कड मोठी केली आणि एका अॅपला दिली. अॅपनं क्षणात चेहरा काढून दिला. गोल गाल, टपोरे उघडे डोळे, दोन दात, कॅमेऱ्याकडं बघून हसणारी मुलगी. उषाबाईंनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“लई गोड हाय,” त्या म्हणाल्या. “पन ही माझी न्हाई.”

कोपऱ्यात बसलेल्या बद्रीनाथला तेवढ्यात आपला जुना मंत्र आठवला. तो म्हणाला, “वहिनी, तव्हा तुम्ही हलल्या. आता मशीन तरी काय करंल?”

उषाबाईंनी मोबाइल परत दिला आणि त्या गेल्या. प्रियदर्शनी सांगते, त्या दिवशी मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, असा राग आला की संध्याकाळचा चहा त्यांना मुद्दाम बिनसाखरेचा दिला. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

गेल्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाला शाळेनं मला बोलावलं. निवृत्त शिक्षकाला बोलावण्याचे दोन फायदे असतात: तो येतो, आणि मानधन मागत नाही. विषय मी निवडला, फोटोच्या भिंगाचा इतिहास. बद्रीनाथला म्हटलं, कॅमेरा घेऊन या. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला आणि कॅमेरा खांद्यावर मारून आणला. कॅमेरा वर्गाच्या दारात मैदानाकडं तोंड करून ठेवला. मुलं पाळीपाळीनं काळ्या कापडात शिरून उलटं मैदान बघू लागली आणि मी बोलत होतो.

मी काय सांगितलं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. फोटोग्राफी सुरू झाली तेव्हाच्या भिंगांतून इतका कमी उजेड यायचा की माणसाला काही मिनिटं पुतळा होऊन बसावं लागे. १८४० साली व्हिएन्नातल्या पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं नवं भिंग गणितानं काढलं. आकडेमोड एवढी होती की मदतीला तोफखान्यातले गणित येणारे सैनिक दिले होते. त्या भिंगातून उजेड भरपूर यायचा, चेहरा लख्ख उमटायचा. पण फक्त मधला. कडेला सगळं विरघळायचं. कारण फुगीर काच चित्र सपाट पाडत नाही, वाडग्यासारखं वाकवून पाडते, आणि फिल्म तर सपाट असते. मध्य जुळवला की कड सुटते.

पुढची पन्नास-साठ वर्षं शहाणी माणसं या कडेमागं लागली. १८६६ साली इंग्लंडात एकानं आणि जर्मनीत दुसऱ्यानं, एकमेकांना न सांगता, सारख्याच दोन जोड्या समोरासमोर बसवल्या. त्यानं कडेच्या भिंती सरळ दिसू लागल्या. मग जर्मनीत नव्या जातीची काच ओतली गेली. आणि १८९३ मध्ये यॉर्क गावच्या दुर्बिणीच्या कारखान्यात कामाला असलेल्या टेलर नावाच्या माणसानं अवघ्या तीन काचांत प्रश्न सोडवला. दोन फुगीर, त्यांच्या मध्ये अंतर सोडून एक खोलगट. फुगीर काचांनी जे वाकवलं ते खोलगटीनं सपाट करायचं. त्याच्या कारखान्याला फोटोच्या भिंगात रस नव्हता. मग दुसऱ्याच गावच्या कारखान्यानं ते बनवायला घेतलं. त्याचे मालकही टेलरच, पण याच्या नात्यातले नव्हेत. आणि भिंगाला नाव लागलं ते ‘आम्हाला नको’ म्हणणाऱ्या पहिल्या कारखान्याचं. यावर मुलं हसली. पुढं १९०२ मध्ये जर्मनीत चार काचांचं आलं, पण जगभरच्या साध्या कॅमेऱ्यांत तीन काचांचं कुटुंबच नांदलं.

“आणि तेच भिंग तुमच्या बद्रीनाथआजोबांच्या कॅमेऱ्यात आहे,” मी आवाज चढवून म्हणालो. “ये रे कोणी, बघ. मधला झेंड्याचा खांब आणि कडेचा हापसा, दोन्ही सारखेच स्वच्छ दिसतील.”

असं म्हणून मीच कापडात शिरलो. खांब स्वच्छ होता. हापशाचं गिचमिड झालं होतं.

हापसा हलत नाही. टेंभुर्णीच्या शाळेतला तर दोन वर्षांपासून बंदच आहे, दांडाही काढून नेलेला. मी बाहेर आलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “हं, तर असं.” मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं मात्र तापलं होतं. भाषण चुकलं तर मला चालतं, भौतिकशास्त्र चुकलेलं चालत नाही.

दुपारी दुकानात बसून आम्ही भिंग उघडलं. बद्रीनाथकडं त्यासाठी हत्यार आहे: कंपासपेटीतलं कर्कटक, टोकं घासून बोथट केलेलं. काच धरून ठेवणाऱ्या कडीच्या दोन खाचांत टोकं अडकवायची आणि कडी फिरवायची. पुढची काच निघाली. मी ती तळहातावर घेतली. एक बाजू चांगली फुगीर, दुसरी जवळजवळ सपाट. या भिंगात पुढच्या काचेची फुगीर बाजू बाहेर, जगाकडं असते. आमच्यासमोर बाहेरच्या अंगाला सपाट बाजू होती.

“ही उलटी आहे,” मी म्हणालो. “बद्रीनाथराव, ही कधी उघडली होती का?”

“एकदाच. बुरशी आल्ती आत, जाळीवानी. टीव्ही आला त्या सालच्या दिवाळीच्या आधी. स्पिरिटनं पुसली.” तो आठवून बोलत होता. “बराबर ध्यान दिल्तं की, सर. तीन वाट्या घेतल्या. एक, दोन, तीन लिवलं. पुढची एकमधी, मधली दोनमधी, मागची तीनमधी. तशीच परत बसवली. लंबर बिलकुल चुकलो न्हाई.”

“नंबर बरोबरच आहे. पण तोंड कुठल्या बाजूला ते लिहिलं होतं का?”

त्यानं माझ्या तळहातावरची काच उलटून बघितली. काच दोन्ही बाजूंनी बसते, कडी दोन्ही बाजूंनी आवळते, तक्रार कोणीच करत नाही. मी काच फिरवून बसवली आणि कॅमेरा दारातून बसस्टँडकडं केला. मधोमध एसटी, आणि अगदी कडेला कृषी सेवा केंद्राची पाटी. पाटीवरचा मोबाइल नंबर वाचता येत होता. मी अक्षरशः टाळी वाजवली. एका कोड्याचा उलगडा झाल्याचा आनंद मला एवढा झाला की मी पेटीतल्या निगेटिव्ह काढून खिडकीला लावायला लागलो. त्र्याऐंशी, स्वच्छ. चौऱ्याऐंशीचा मे, स्वच्छ. पंच्याऐंशी, कडा गेल्या. आणि शहाण्णव साली त्यानं छोटा कॅमेरा घेईपर्यंत गेलेल्याच. टीव्हीचा काही संबंध नव्हता. वर या गृहस्थानं बायका हलतात म्हणून झाकण कमी वेळ काढावं लागावं यासाठी भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवलेलं. जेवढं तोंड उघडं तेवढी उलट्या काचेची कड जास्त बिघडणार.

“म्हणजे बारा वर्षांत एकही बाई हलली नव्हती!” मी म्हणालो. हे मी हसत म्हणालो, त्याची मला आज लाज वाटते.

बद्रीनाथ हसला नाही. त्यानं शहाऐंशीचं पाकीट शोधलं आणि हातात धरून बसला. तेव्हा प्रियदर्शनीनं झेरॉक्स मशीन बंद केलं आणि मला उषाबाईंची ती सगळी हकिकत सांगितली, जी मी वर सांगून बसलो आहे.

ती थांबल्यावर बद्रीनाथ म्हणाला, “सर, कडंला पाटील बसले असते तर पयल्याच फोटोला चूक घावली असती. बाया अन् पोरं व्हती म्हून मला वाटलं, हलली असतील.”

मी वयाला शोभेल असा सल्ला दिला. जाऊ द्या, म्हटलं. चाळीस वर्षं होत आली. सासूबाई गेल्या. त्या माउलीला आता सांगून जखम कशाला उकरायची? शिवाय गावात होईल ते हसं वेगळंच. दुकानाचं नाव आहे.

“दुकानाचं काय व्हायचंय, सर?” प्रियदर्शनी म्हणाली. “झेरॉक्स काढायला येनाऱ्याला कडंचं काय? मामा, तुम्ही जा. जल्दी जा, न्हाईतर तुम्ही जानारच न्हाई.”

बद्रीनाथनं पुढची काच पुन्हा काढली, रुमालात बांधली, कर्कटक खिशात टाकलं आणि निघाला. मी मागोमाग गेलो. बोलावलं नव्हतं, पण गेलो.

उषाबाई ओट्यावर हरभरा निवडत होत्या. रखमाजी बाजेवर पडले होते, आम्हाला बघून उठून बसले. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि भिंतीवरची फ्रेम ओट्यावरून दिसत होती. बद्रीनाथनं पाणी घेतलं नाही. खाली बसला आणि रुमाल सोडला.

“वहिनी, ही काच कॅमेऱ्याची. ही मी उलटी बसवल्ती. भारतच्या लग्नाच्या आधी, दीड वर्स. मला आज कळलं.”

“मंग?”

“मंग... फोटूची कड पुसट येती, ती काचंमुळं. तुम्ही हलल्या न्हाई.”

उषाबाईंचा हात सुपात थांबला. मग परत सुरू झाला. दोन-तीन खडे त्यांनी वेचून बाजूला टाकले.

“आन् ती?”

“तीबी न्हाई हलली.”

“ती झोपेल व्हती,” उषाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “दिवसभर उन्हात रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली व्हती. झोपेल लेकरू हलंल कसं? तव्हाच म्हन्ले व्हते मी. आत्याबाईला म्हन्ले, तुम्हाला म्हन्ले, बद्रीभाऊ. मंग समदेच म्हनाय लागले म्हून मला वाटलं, हलली असंल. मीच धरली नसंल.”

बद्रीनाथ खाली बघत होता. तो ‘चुकलं’ म्हणाला की नाही मला ऐकू आलं नाही. ओठ हलले होते. रखमाजी बाजेवरून हळूच म्हणाले, “म्हन्ली व्हती ती. म्या ऐकलं व्हतं.” एवढं म्हणायला त्यांना अडतीस वर्षं लागली होती, आणि त्यांच्या तोंडावरून ते त्यांनाही कळत होतं.

बद्रीनाथ उठला, आत गेला, फ्रेम उतरवून ओट्यावर घेऊन आला. ती त्यानंच बांधलेली होती. खिशातल्या कर्कटकानं त्यानं मागचे बारीक खिळे एकेक करून सरळ केले, पुठ्ठा काढला, काच बाजूला ठेवली आणि शहाऐंशी साली चिकटवलेली कागदाची पट्टी नखानं सोडवू लागला. त्याला वेळ लागला. उषाबाईंनी सूप बाजूला सारलं होतं.

बाकीचा फोटो उजेडानं पिवळा पडला होता. पट्टीखालची जागा मात्र कालच धुतल्यासारखी काळी-पांढरी होती. चेहरा नव्हताच तिथं, ना आईचा ना मुलीचा. काचेनं तो केव्हाच पसरून टाकला होता. पण आईच्या गळ्याशी, खांद्यावर, एक गोल डोकं आडवं टेकलेलं होतं, आणि एक हात सैल खाली लोंबत होता. जागं मूल तसा हात सोडत नाही. एवढं मलाही कळलं.

उषाबाईंनी त्या जागेवर बोट ठेवलं. “बघा,” त्या बद्रीनाथला म्हणाल्या. “झोपली हाय का न्हाई?”

बद्रीनाथनं रुमालातली काच डोळ्याशी धरली आणि फोटोवर वाकून बराच वेळ बघितलं.

“झोपली हाय, वहिनी.”

“मंग लावा परत,” त्या म्हणाल्या. “कागद नका लावू.”